कुलपाचे व्याकरण

मराठीत दार बंद करण्याच्या साधनांना अनेक नावे आहेत आणि त्या नावांचे मूळ मुलूख वेगवेगळे आहेत. ‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’पासून फारसीच्या वाटेने आला, येताना त्यातील ‘फ’ आणि ‘ल’ यांनी आपसांत जागा बदलल्या. याला आपण वर्णविपर्यय म्हणतो. ‘चावी’ पोर्तुगिजांकडून आली. आजचा लिस्बनचा रहिवासी तिला ‘शाव्ह’ असे काहीसे म्हणतो. पण हा शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्यांच्या तोंडी ‘च’ होता आणि तो ‘च’ आपण आजवर जपून ठेवला आहे. ‘किल्ली’ संस्कृत ‘कील’च्या, म्हणजे खुंटी-खिळ्याच्या घराण्यातली. ‘आगळ’ ही ‘अर्गला’. (कोकणातल्या स्वयंपाकघरात ‘आगळ’ म्हणजे कोकमांचा खारवलेला रस. त्याचा दाराशी काही संबंध नाही. परीक्षेत हा प्रश्न मी दोनदा विचारला आहे.)

ही व्युत्पत्ती मी पंचवीस वर्षे वर्गात सांगत आले. कुलपाच्या पोटात काय असते, हे मात्र वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत मी पाहिलेले नव्हते. आज माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अकरा कुलपे आहेत. सगळी माझ्या पैशाने विकत घेतलेली आणि त्यांपैकी एकही कोणत्याही दाराला लावलेले नाही. संध्याकाळी वेळ मिळेल तेव्हा त्यांतले एखादे घेऊन मी ते किल्लीशिवाय उघडते आणि पुन्हा बंद करते. एवढाच तो छंद. ओळखीच्या माणसांना हे सांगितले, की प्रथम हसू येते आणि पाठोपाठ त्यांची नजर नकळत स्वतःच्या दाराकडे जाते.

हा नाद लागला तो माझ्या भाच्यामुळे. तो नोकरीनिमित्त हॅम्बुर्गला असतो. तिथे १९९७ साली ‘स्पोर्ट्सफ्रॉइंडे डेर श्पेर्रटेख्निक’ नावाची संस्था स्थापन झाली आणि किल्लीवाचून कुलूप उघडणे हा तिने रीतसर खेळ केला. बुद्धिबळाच्या मंडळात जमावे तशी माणसे जमतात, समोर कुलपे मांडतात, घड्याळ लावतात. भाचा सुटीत आला तेव्हा पोलादी सळ्यांची एक छोटी चामडी घडी आणि एक पितळी कुलूप घेऊन आला. “मावशी, तू खेड्यापाड्यांत जाऊन लोकांच्या बोलीतले नियम शोधतेस ना? हेही तसेच आहे,” तो म्हणाला. मी ते विनोद म्हणून घेतले होते. आठवडाभराने माझ्या लक्षात आले, की त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे.

त्या पितळी कुलपाची रचना आधी सांगते, कारण तिच्यावाचून पुढचे काही समजणार नाही. बाहेर एक स्थिर कवच असते. त्यात एक फिरता गाभा असतो. किल्लीचे भोक या गाभ्यातच असते. कवच आणि गाभा यांतून आरपार जाणारी, समजा, पाच उभी छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रात एकावर एक अशा दोन खुंट्या आणि त्यांच्या डोक्यावर स्प्रिंग. स्प्रिंग खुंट्यांना खाली दाबते, त्यामुळे वरची खुंटी कवच आणि गाभा यांच्या सीमेवर आडवी येते आणि गाभा फिरू शकत नाही. योग्य किल्ली आत गेली, की तिच्या दातांवर प्रत्येक जोडी नेमकी एवढी उचलली जाते, की दोन खुंट्यांमधला सांधा बरोबर त्या सीमेवर येतो. पाचही सांधे एका रेषेत आले, की गाभा फिरतो. इजिप्त आणि पश्चिम आशियातल्या जुन्या लाकडी कुलपांत हेच तत्त्व होते. त्यांची किल्ली दात घासायच्या ब्रशासारखी दिसे. अमेरिकेतल्या लायनस येल या पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते धातूत आणले आणि मुलाने १८६० च्या दशकात त्याला आजचे सुटसुटीत रूप दिले. आपल्या सदनिकांच्या दारांना असलेले लॅच बहुधा याच कुळातले असते.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे सोस्यूर आठवल्याशिवाय राहत नाही. किल्लीवर पाच स्थाने आहेत आणि प्रत्येक स्थानी, समजा, सहा खोलींपैकी एक खाच निवडायची आहे. एका स्थानी काय काय येऊ शकले असते, हा निवडीचा अक्ष. आणि निवडलेल्या खाचा कोणत्या क्रमाने शेजारी आल्या, हा रचनेचा अक्ष. शब्दही असाच बनतो. एवढेच नव्हे, तर मराठीत जशी वाटेल ती व्यंजने शेजारी बसत नाहीत, तशा किल्लीवरही वाटेल त्या खाचा शेजारी बसत नाहीत. अगदी उथळ खाचेला लागून अगदी खोल खाच कापली, तर मधला उतार शेजारणीला खाऊन टाकतो. म्हणून कारखान्यात शेजारच्या दोन खाचांमध्ये किती फरक चालेल याची मर्यादा ठरलेली असते.

ही मर्यादा क्षणभर बाजूला ठेवली, तर सहा खोली आणि पाच स्थाने यांच्या ७,७७६ किल्ल्या होतात. एवढ्या किल्ल्या एकेक करून लावून पाहायच्या म्हटल्या, तर चोरही कंटाळून नोकरी शोधील. मग कुलूप उघडते कसे? ते उघडते, कारण माणसाने बनवलेली कोणतीही वस्तू पूर्ण सरळ नसते. पाच छिद्रे एका रेषेत पाडली, तरी त्यांत केसाएवढा फरक राहतोच. गाभ्यावर हलकासा पीळ दिला, की पाचही खुंट्या एकदम अडकत नाहीत. ज्या छिद्राचा वाकडेपणा सर्वांत जास्त, तिथली खुंटी आधी अडकते. बाकीच्या चार स्प्रिंगवर मोकळ्या नाचत असतात. ती अडकलेली खुंटी शोधून हळूहळू वर सारायची. तिचा सांधा सीमेवर आला, की गाभा कणभर फिरतो, वरची खुंटी बाहेर अडून राहते आणि अडकण्याची पाळी दुसरीवर येते. पहिल्या फेरीत फार तर पाच खुंट्या चाचपायच्या, दुसरीत चार, मग तीन, दोन, एक. एकूण पंधरा. ७,७७६ आणि १५ यांच्यातले अंतर या एका कारणाने निर्माण होते: कुलूप आपल्याला पूर्ण उत्तर एकदम विचारत नाही, तुकड्यातुकड्याने विचारते आणि प्रत्येक तुकडा बरोबर आला की तसे कळवते. अनोळखी बोलीतला वक्ताही संपूर्ण व्याकरण सांगू शकत नाही. पण ‘असे म्हणतात का?’ या प्रश्नाला तो मान हलवतो किंवा हसतो आणि त्या एकेका होकार-नकारावर आमचे काम चालते.

आता साधनांविषयी. हिंदी चित्रपटात नायिका केसांतला आकडा काढते आणि दार उघडते. एका आकड्याने हे होत नाही, कारण कामे दोन आहेत: एक पीळ देण्याचे आणि दुसरे खुंटी उचलण्याचे. म्हणून साधनेही दोन लागतात. पीळ देणारी इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वाकवलेली पट्टी, तिला टेन्शन रेंच म्हणतात. आणि उचलणारी सळई, तिला पिक. बाजारात वीस-वीस, तीस-तीस सळ्यांचे संच मिळतात आणि नवखा माणूस त्यांनाच भुलतो. माझे स्पष्ट मत असे, की टोकाशी थोडी वळलेली एक आखूड आकडी, नागमोडी टोकाचा एक रेक आणि वेगवेगळ्या जाडीच्या दोन पट्ट्या एवढ्यावर पहिले वर्ष आरामात जाते. उरलेल्या सळ्या घडीत चकाकत राहतात, शब्दकोशातल्या त्या शब्दांसारख्या, जे कोणी कधी बोलत नाही. जाडी मात्र पाहून घ्यावी. साधारण ०.६ मिलिमीटरची सळई नेहमीच्या भोकाला पुरते. भोक अरुंद आणि वळणाचे असेल, तर ०.४ मिलिमीटरची लागते, पण ती जोर सहन करत नाही, वाकते.

संच विकत घ्यायलाच हवा असेही नाही. हार्डवेअरच्या दुकानातले हॅक्सॉचे पाते उत्तम पोलादाचे असते. ग्राइंडरवर त्याचे दात काढून आकार देता येतो. फक्त घासताना ते सतत पाण्यात बुडवावे लागते. पोलाद तापून निळे पडले, की त्याचे पाणी उतरते आणि सळई मऊ होते. ‘पाणी उतरणे’ हा वाक्प्रचार आपण माणसांसाठी किती सहज वापरतो. तो लोहाराच्या भात्यापाशी जन्मला आहे, हे मला ग्राइंडरपाशी उभी राहिल्यावर हाताला कळले.

शिकण्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची कुलपे मिळतात. आत काय चालते हे एकदा पाहण्यापुरती ती चांगली. पण त्यांवर हात बसवू नये, कारण डोळ्यांना दिसते आहे तोवर बोटे काही शिकत नाहीत. त्यापेक्षा एक साधे पितळी कुलूप घ्यावे, ते उघडून त्यातल्या चार खुंट्या काढून टाकाव्यात आणि एकाच खुंटीवर सराव करावा. मग दोन, मग तीन. बाराखडी आधी आणि जोडाक्षरे नंतर, हा क्रम इथेही उपयोगी पडतो.

रेकचे तंत्र सोपे. पीळ ठेवून नागमोडी टोक आत-बाहेर घासायचे. स्वस्त कुलूप कधीकधी दोन-चार सेकंदांत उघडते. पाहणाऱ्यांना हेच आवडते. रेकने उघडलेले कुलूप मी स्वतः मोजत नाही, कारण ते का उघडले हे मला सांगता येत नाही. वस्तुनिष्ठ प्रश्नाला अंदाजाने खूण केली आणि गुण मिळाले, तसे ते आहे.

इथे माझ्या कानांविषयी सांगायला हवे. ध्वनिविचार हा माझा विषय. प्रबंधही बोलीतल्या ऊष्म व्यंजनांवर होता. ज्या वर्षी भाचा ती घडी घेऊन आला त्याच वर्षी मला विद्यार्थ्यांच्या ध्वनिमुद्रणांत ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू येईनासे झाले. ‘सर’ म्हटले की ‘शर’, हे वाक्याच्या संदर्भावरून ठरवावे लागू लागले. वयाबरोबर कान उतरतो तो वरच्या पट्टीकडून. स्वर टिकून राहतात, कारण त्यांची शक्ती खालच्या पट्टीत असते. ‘स’चा घर्षणध्वनी बराचसा ४,००० हर्ट्झच्या वर असतो आणि तो आधी जातो. श्रवणतज्ज्ञाने काढलेला आलेख उजवीकडे घसरत गेलेला होता. अशा आलेखांचा अर्थ मी स्वतः वर्गात शिकवत असे, त्यामुळे समजावून सांगण्याचे त्यांचे काम वाचले.

कुलपे उघडणारी मंडळी सांगतात, की खुंटी जागेवर बसली की ‘टिक्’ असा आवाज येतो, तो ऐका. मला तो आला नाही. पहिले पंधरा दिवस मी कुलूप कानाशी धरून बसत असे आणि घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाशिवाय काही ऐकू येत नसे. मग एका रविवारी, पट्टीवर डाव्या हाताची तर्जनी नुसती टेकवलेली असताना, त्या बोटाला काहीतरी जाणवले. गाभा फिरला होता. किती, हे सांगता येणार नाही; डोळ्याला तर तो मुळीच दिसला नसता. सळईच्या टोकाशी असलेली खुंटी आता खाली-वर होत नव्हती आणि शेजारची कडक झाली होती. त्यानंतर मी कुलूप कानाशी धरणे सोडून दिले. आता तर काम करताना श्रवणयंत्र काढूनच ठेवते.

पीळ किती द्यावा, हा या विद्येतला खरा प्रश्न. नवखा हात नेहमी जास्त देतो. जास्त पीळ दिला, की पाचही खुंट्या एकदम अडकतात. सगळ्याच कडक लागतात आणि कोणती कोण हे कळत नाही. पेटी वाजवणाऱ्यांना सांगायचे तर, पट्टीवर बोट ठेवावे पण सूर उमटू नये, इतकाच भार. चांगल्या कुलपांत याहून अवघड एक सापळा असतो. त्यांतल्या काही वरच्या खुंट्या सरळ नसतात. मध्ये बारीक कंबर असलेल्या, डमरूसारख्या असतात. गाभा चांगला दोन-चार अंश फिरतो आणि थांबतो. आपल्याला वाटते झालेच. प्रत्यक्षात डमरूची कंबर सीमेवर अडकलेली असते. तेव्हा जोर वाढवून काहीही होत नाही. पीळ सैल करावा लागतो, गाभ्याला थोडा मागे जाऊ द्यावा लागतो, मिळवलेले काही हातचे जाईल हे धरून चालावे लागते. माझ्या खणातले असे एक कुलूप उघडायला मला दोन महिने लागले.

आपल्याकडच्या कडी-कोयंड्याला लटकणाऱ्या कुलपांचे कूळ बहुधा वेगळे असते. अलीगढची असोत, की १८९७ साली मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी सुरू केलेल्या उद्योगाच्या परंपरेतली असोत, अनेकांवर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असे कोरलेले दिसते. त्यांत खुंट्यांऐवजी पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींवर रचलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक खाच असते. साऱ्या खाचा जुळल्या तरच आतला खटका सरकतो. हॅम्बुर्गची नाजूक घडी इथे निरुपयोगी ठरते. भोक रुंद, अंतर खोल. मी सायकलच्या चाकाच्या तारा वाकवून दोन आकड्या केल्या, एक खटक्यावर दाब ठेवायला आणि दुसरी पट्ट्या एकेक करून उचलायला. तत्त्व तेच. जी पट्टी घट्ट लागते ती आधी.

याच तत्त्वावर १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी केवढा गहजब झाला होता! अल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकी कारागिराने चब कंपनीचे अभेद्य समजले जाणारे कुलूप साक्षीदारांसमोर सुमारे २५ मिनिटांत उघडले. मग तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. हे कुलूप पिकाडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत साठ वर्षांहून अधिक काळ टांगलेले होते आणि उघडणाऱ्याला दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर होते. हॉब्सला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण ते उघडले. कुलपांचे दोष असे चव्हाट्यावर मांडावेत का, हा वाद तेव्हा झाला आणि हॉब्सच्या बाजूने दिलेले उत्तर मला आजही पटते. चोरांना त्यांचा धंदा आधीच चांगला येतो. अज्ञानात राहतो तो पैसे मोजून कुलूप विकत घेणारा गृहस्थ. चब आणि ब्रामा या दोघांनीही त्यानंतर आपल्या कुलपांत सुधारणा केल्या.

पण ज्ञान आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या छंदात दोनच नियम जगभर मानले जातात: जे कुलूप आपले नाही ते उघडायचे नाही, आणि जे वापरात आहे ते, आपले असले तरी, उघडायचे नाही. पहिला नियम नीतीचा. दुसरा व्यवहाराचा, कारण सळई आत मोडली तर आपलेच दार आपल्याला बंद होते. कायद्याचेही भान ठेवावे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचे साधन सबळ कारणावाचून जवळ सापडणे हा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार गुन्हा आहे. माझी घडी म्हणून घराबाहेर जात नाही.

‘मृच्छकटिका’तला शर्विलक आपल्या अभ्यासक्रमामुळे परिचित असेल, निदान देवलांच्या नाटकामुळे तरी. भिंत फोडण्याआधी तो तिचे माप जानव्याने घेतो आणि जानव्याचे इतर उपयोगही मोजून दाखवतो. यंत्राने घट्ट केलेले दार उघडणे हा त्यांतलाच एक. त्याची विद्या पाहून आपण खूश होतो. पण त्याच्या हाती लागलेले दागिने चारुदत्ताचेही नव्हते. ती वसंतसेनेने विश्वासाने सोपवलेली ठेव होती आणि तिच्यापायी चारुदत्तावर पुढे काय ओढवते, हे आपण जाणता.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सासरकडचे एक नातेवाईक पिशवीत एक लाकडी पेटी घेऊन आले. पेटी त्यांच्या काकूंची. काकू गावी असतात, नव्वदीच्या आहेत. “वहिनी, तिला आता काही आठवत नाही. किल्ली कुठे ठेवली तेही सांगत नाही. आत कागद असतील. तुम्हाला येते ना हे?” त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. कुलूप अगदी साधे होते, जुने, फार तर तीन लिव्हरचे. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या होत्या. कुणीतरी पन्नास वर्षे ते रोज उघडले असावे. माझी बोटे त्याच्यावर गेली, हे मी नाकारणार नाही. तार लावली असती, तर चहा येण्याआधी ते उघडले असते.

मी म्हटले, “भाऊजी, काकूंना इथे आणा, किंवा मी तिकडे येते. त्यांच्यासमोर, त्यांनी हो म्हटल्यावर उघडू.”

“ती कुणालाही नाहीच म्हणते.”

“मग नाही.”

ते चहा न घेता गेले. जाताना दारात म्हणाले, की एवढे शिकून उपयोग काय. त्यानंतर त्यांचा फोन नाही. घरातही यावरून दोन मते आहेत. माझ्या जाऊबाईंचे म्हणणे, कागद औषधोपचाराच्या कामाचे असू शकले असते. असू शकले असते. पेटीचे पुढे काय झाले, हे मला कुणी सांगितलेले नाही. लोहाराकडे नेऊन कोयंडा तोडायला पाच मिनिटे पुरतात.

सध्या मी एक निराळीच पद्धत शिकते आहे. आमच्या बाजारपेठेत पिंपळाच्या पाराशेजारी बसणाऱ्या चावीवाल्या काकांकडून. त्यांच्याजवळ माझ्यासारख्या सळ्या नाहीत. ते कोरी किल्ली घेतात, कानशीने तिची धार साफ करतात, कुलपात घालून दोन्ही बाजूंना दाबून फिरवायला पाहतात आणि बाहेर काढून उन्हात धरतात. अडकलेल्या खुंटीने पितळेवर एक अगदी बारीक ठिपका उमटवलेला असतो. तिथे कानशीचे दोन हात मारायचे, पुन्हा घालायचे, पुन्हा पाहायचे. ठिपका उमटायचा थांबला, की त्या जागची खाच पुरी झाली. शेवटी कुलूपही उघडते आणि हातात किल्लीही तयार असते. मला या पद्धतीचा हेवा वाटतो. इथे कानही नको आणि बोटेही फारशी नकोत. डोळे हवेत आणि ऊन हवे.

“बाई, जोर करू नका, नुसतं टेकवा,” ते मला अजून दर वेळी सांगतात. कुलूप माझेच, खणातले सातवे. तिसऱ्या खाचेपर्यंत आले आहे. चौथ्या जागी ठिपका दिसतो असे मला वाटते. काकांच्या मते तो कानशीचा ओरखडा आहे. शनिवारी ऊन असेल तर पुन्हा पाहू, असे ठरले आहे.